थांबले नव्हे, थांबलो

स्टुडिओत त्याला सगळे डमी म्हणत. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं, त्याचं कामच तसं होतं. सिनेमाचं गाणं बांधून झालं की मोठ्या गायिकेला शिकायला एक कच्चं गाणं लागतं. चाल कुठे वळते, श्वास कुठे घ्यायचा, कोणता शब्द हलकेच सोडून द्यायचा, हे त्यावरून ऐकून ती घरी तयारी करते आणि मग एका दिवशी येऊन गाऊन जाते. तिचं झालं की कच्चं गाणं पुसून टाकतात. ते कच्चं गाणं हा गायचा. आवाज पातळ, वरच्या पट्टीत आपसूक जाणारा, म्हणून त्याच्या वाट्याला बहुतेक बायकांचीच गाणी यायची.

सुरुवातीला वादक गालातल्या गालात हसायचे. पोट सुटू लागलेला, चष्मेवाला पुरुष माइकपुढे डोळे मिटून ‘मी तुझ्यासाठी थांबले’ म्हणतो म्हटल्यावर हसू येणारच. पुढे सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं.

त्याची मात्र त्या गाण्यांनी मोठी सोय केली होती. ‘तू आलास’, ‘तू का रे बोलला नाहीस’ हे एरवी ज्या माणसाला चारचौघांत म्हणायची त्याची छाती झाली नसती, ते त्याच माणसाला भर दिवसा, पंधरा-वीस जणांदेखत सांगता यायचं, आणि वर त्याचा मोबदलाही मिळायचा. तो माणूस मागच्या रांगेत बसून चेलो, म्हणजे जमिनीवर टेकवून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवायचा. उंच, वाकून चालणारा, मोजकं बोलणारा. गाणं चालू असताना तो मान वर करायचा नाही, पण कान तांबडे व्हायचे. ते फक्त डमीला ठाऊक होतं.

चेलोवाला लाँड्रीच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. काम लवकर आटपलं की दोघं तिथे जात. खालून इस्त्रीची वाफ यायची, खोलीला सतत धुतलेल्या कपड्यांचा वास असायचा. रविवारी चेलोवाला चेलोची पेटी पाठीवर घेऊनच डमीच्या घरी जेवायला यायचा. घरी डमीची मोठी बहीण होती, ताई. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, शाळेत गणित शिकवता शिकवता घर चालवलं आणि स्वतःच्या लग्नाचं काही मनावर घेतलं नाही. ताईच्या लेखी चेलोवाला म्हणजे भावाचा कामावरचा मित्र. निदान डमीची तशी समजूत होती.

चेलोवाल्याचं मागणं साधं होतं. एक घर घ्यावं, दोघांनी राहावं. डमी म्हणायचा, “थोडं थांब.” ताईची बदली होऊ दे. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे. ताई रिटायर होऊ दे.

“ताईंची सगळी कामं मार्गी लागतील,” चेलोवाला एकदा म्हणाला, “आपलं तेवढं राहून जाईल.”

आवाज चढवून बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. दुसऱ्या शहरातल्या वाद्यवृंदात जागा निघाली, त्याने अर्ज केला आणि ती मिळाली. डमी त्याला बसपर्यंत सोडायला गेला. चेलोसाठी वेगळं तिकीट काढावं लागलं. “यांना खिडकी देऊ का?” कंडक्टरने पेटीकडे बोट दाखवत विचारलं. दोघांना हसू आलं, आणि त्या हसण्यातच बस सुटली. बोलायचं ठरवलेलं सगळं डमीच्या तोंडातच राहिलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला फोन व्हायचे, मग वाढदिवसाला, मग तेही नाही.

अशात संगीतकाराचा निरोप आला. हा म्हातारा संगीतकार सगळ्यांचा मास्तर. नव्या सिनेमात दोन पुरुषांची प्रेमकथा होती, दिग्दर्शिका तरुण होती आणि हे तिचं पहिलंच काम होतं. एकजण दुसऱ्याची वाट बघतो तेव्हाचं गाणं. गाणार होता एक नावाजलेला गायक. त्याच्यासाठी कच्चं गाणं करून ठेवायचं होतं.

डमीने कागद हातात घेतला. ‘मी थांबलो, पाणी दोनदा तापवलं, तू आला नाहीस.’ एवढीच पहिली ओळ. त्याने ती मनात म्हणून पाहिली आणि पुढे वाचायचंच राहिलं. आजवर शेकडो गाण्यांत ‘तू आलास’ त्याला मिळालं होतं, पण त्याच्या जोडीला ‘मी थांबले’ घ्यावं लागायचं. अर्धं आपलं, अर्धं उसनं. इथे एकाच ओळीत दोघंही होते, आणि दोघंही पुरुष.

“काय झालं? चष्मा बदलायला झालाय का?” मास्तरांनी काचेपलीकडून विचारलं.

“नाही मास्तर. घ्या.”

पहिल्यांदा तो ‘थांबलो’वर अडखळला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघत साधं, बोलल्यासारखं गायला. संपल्यावर मास्तरांनी काचेपलीकडून नुसता हात वर केला, म्हणजे पुरे.

पुढच्या आठवड्यात नावाजलेला गायक येऊन गाऊन गेला. उत्तम गायला, बोट ठेवायला जागा नव्हती. पण दिग्दर्शिकेने कच्चं गाणं ऐकलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून जाईना. तिने डमीला बोलावून घेतलं.

“ते फार सुंदर गायलेत,” ती म्हणाली. “पण त्यांच्या गाण्यात तो माणूस येणार याची खात्री वाटते. तुमच्यात वाटत नाही. मला तुमचंच ठेवायचं आहे. नाव येईल, मुलाखतीही होतील. लोक काहीबाही विचारतील. तुमची तयारी आहे का?”

“मला घरी विचारावं लागेल,” डमी म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने असं म्हणावं हे त्याचं त्यालाच कसंसं वाटलं. दिग्दर्शिका मात्र हसली नाही. “विचारा,” म्हणाली, “मी आहे इथे.”

घरी ताई टेबलाशी मटार सोलत बसली होती. रिटायर होऊनही तिची नजर शाळेतलीच होती, समोरच्याने गृहपाठ केलाय की नाही हे बघताक्षणी ओळखणारी. डमी तिच्यासमोर बसला, चार शेंगा सोलल्या आणि गाण्याचं सांगितलं. कुणी कुणासाठी गायलेलं गाणं आहे, तेही सांगितलं.

“मग अडचण काय आहे?” ताईने विचारलं.

“लोक म्हणतील, हा असं गातोय म्हणजे हाही तसाच असणार.”

“आणि तू नाहीस का?”

डमीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ताईने वाटी त्याच्याकडे सरकवली.

“दाणे यात टाक. सालं तिकडे. हे बघ, आपल्या बाथरूमच्या दाराला वर फट आहे. तू रोज सकाळी ते ‘मी तुझ्यासाठी’ गातोस. आधी वाटायचं, कामाचं गाणं घोकतोयस. कामाच्या गाण्यात ‘थांबले’ असतं, एवढं मला कळतं. तू तिथे ‘थांबलो’ म्हणायचास. एखाद्या दिवशी चुकून झालं असतं तर सोडून दिलं असतं. तू रोज तेच म्हणायचास. आणि तो गेल्यापासून तर ते गाणं सोडून दुसरं गायलाच नाहीस.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तू सांगशील म्हणून मी गप्प. मी विचारीन म्हणून तू गप्प. आपण दोघं शहाणे. आणि मधल्या मध्ये तो बिचारा पेटी उचलून गेला.” ताईने चष्मा काढून पदराने पुसला, पुसून झाल्यावरही पुसतच राहिली. “दर रविवारी ती पेटी दाराला आपटायची. रंग उडालाय तिथला. मी मुद्दाम लावून घेतला नाही.”

डमीने मान खाली घालून उरलेले सगळे मटार सोलले. शेवटी ताईच म्हणाली, “गाणं दे. पण ते बाहेर यायच्या आधी त्याला जाऊन सांग. परक्यासारखं कुठल्या तरी दुकानात ऐकायला नको त्याने.”

डमीने दिग्दर्शिकेला होकार कळवला आणि शनिवारी सकाळची बस धरली. फोन केला नाही. केला असता तर तिकडून ‘कशाला येतोस’ ऐकावं लागेल, ही भीती होती.

चेलोवाल्याने दार उघडलं. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी जास्त वाकली होती. दारातून बाजूला सरकत तो म्हणाला, “आत ये. चहा टाकलाच होता.” खोली नीटनेटकी होती, खुर्ची एकच. डमीला खुर्ची देऊन तो स्वतः पलंगाच्या कडेला बसला.

डमीने फार प्रस्तावना केली नाही. फोनवर गाणं लावून दिलं. चेलोवाल्याने ते वादकासारखं ऐकलं, मान तिरकी करून, बोटांनी गुडघ्यावर ठेका धरून. दुसऱ्या कडव्यात बोटं थांबली. कान तांबडे झाले.

“‘पाणी’ शब्दाच्या आधी श्वास उशिरा घेतलास,” संपल्यावर तो म्हणाला.

“ठाऊक आहे.”

“ताईंना माहीत आहे, हे गाणं तू गायलंस ते?”

“गाणंही माहीत आहे आणि आपलंही. आधीपासून. मलाच ते माहीत नव्हतं.”

चेलोवाला उठला आणि कप विसळू लागला. कप स्वच्छ झाला तरी नळ चालूच होता. “मला राग नव्हता कधी,” तो पाठमोराच म्हणाला. “पण मी आता एकट्याच्या तालात राहायला शिकलोय. सकाळी कुणी बोललेलं मला सहन होत नाही. तू येशील आणि मी लगेच पूर्वीसारखा होईन, असं समजू नकोस.”

“नाही समजत. मीही सकाळी फार बोलत नाही.”

“तू गातोस. ते वाईट.”

दोघंही हसले. या वेळी कुठली गाडी सुटायची नव्हती. डमी उठून नळ बंद करायला गेला आणि तिथेच, त्याच्या शेजारी उभा राहिला. ओल्या हातानेच चेलोवाल्याने त्याचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

दुपारी ताईचा फोन आला. “पोचलास का? काही खाल्लंस का?” एवढं विचारून ती म्हणाली, “त्याला दे.” चेलोवाला फोन घेऊन खिडकीशी गेला. आधी नुसतं ‘हो’, ‘हो ताई’ चाललं होतं. मग तो गुडघ्याची चौकशी करू लागला, मग वाद्यवृंदातल्या कटकटी सांगू लागला. ताईही तिकडून सविस्तर बोलत असावी. डमीने अंडी फोडली, पाव भाजला, दोन ताटल्या मांडल्या. दुसऱ्या खुर्चीसाठी त्याने शेजारचं दार वाजवलं.