बाभळीला बांधलेली लोकर

तात्याबाची जीभ म्हणजे मोकाट खोंड. एकदा सुटली की कुणाच्या बापाला आवरायची नाही. लेकीचं पत्र आलं होतं, की काम पुरं झालं, प्रबंध मान्य झाला, येतेय. बस्स, एवढंच. आणि या गड्यानं इंदापूरच्या बाजारापासून बारामतीच्या यष्टीपर्यंत बोंब उठवली, की आमच्या जयवंतानं नवा कण शोधून काढला. झालं! निरवांगीच्या शाळेत सत्कार ठरला आणि दारावर कापडी फलक लागला : 'नवा कण शोधल्याबद्दल अभिनंदन'.

फलक वाचून जयवंता दारातच थबकली. बारामतीच्या कॉलेजातनं निघालेली ही धनगराची पोर पार जिनिव्हाला पोचली होती. तिथं सत्तावीस किलोमीटरच्या गोल बोगद्यात कणांवर कण आपटायचे आणि त्यातनं काय निघतं ते बघायचं. शास्त्रज्ञांच्या यादीत स्वतःभोवती गिरकी न घेणारा एकच कण होता, तोही त्या काळी अजून कागदावरच. जयवंता शोधत होती त्याचे यादीबाहेरचे भाऊबंद. पाच वर्षं शोधले. एकही सापडला नाही.

"आबा, मला काय घावलं न्हाय," ती फलकाखालीच म्हणाली.

तात्याबाचा चेहरा उतरला. "आता सांगतीस व्हय? समदा गाव जमलाय. माझी अब्रू जाईल, पोरी."

"मग खोटं बोलू?"

एरवी न थांबणारी ती जीभ 'बोल' म्हणायला काही रेटेना.

जयवंतानं माईक धरला आणि खरं ते सांगून टाकलं. आमच्या यंत्राची ताकद जितक्या वजनापर्यंत पोचते, तितक्यात असा नवा कण नाही. अध्यक्ष होते काटेवाडीचे ऊसवाले बापूसाहेब. ते हातातली शाल कुरवाळत गालात हसले.

"म्हंजे तात्याबा, पाच वर्षं हिंडून हाती काय न्हाय. मग आमी सत्कार करायचा तरी कशाचा?"

लोक खदखदले. जयवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्याबा मात्र तिच्याकडं बघत राहिला आणि मग तरातरा मंचावर चढला.

"जये, मेंढरू चुकलं की आपण ओढा धुंडायचो. न्हाय घावलं तर काय करायचो?"

"ओढ्याच्या तोंडाशी बाभळीला लोकर बांधायचो."

"कशापायी?"

"मागनं येणाऱ्यानं त्योच ओढा परत धुंडू नये म्हणून."

"तू तुजा ओढा नीट धुंडलास? का वरवर बघून आलीस?"

"इंच न् इंच, आबा."

"अन् लोकर?"

जयवंतानं पिशवीतनं जाडजूड प्रबंध काढला. "ही हाय."

तात्याबानं खांद्यावरच्या घोंगडीची दशी उपसली, प्रबंधाभोवती गुंडाळली आणि करकचून गाठ मारली.

"बापूसाहेब, आता जगातलं कुणीबी ह्या ओढ्यात वाया हिंडायचं न्हाय. घाला शाल."

पहिल्या रांगेतला म्हातारा गेणू उठून उभा राहिला. उभी हयात मेंढरांमागं गेली होती त्याची. त्याच्यामागं सगळं पटांगण उठलं. बापूसाहेबांनी मुकाट्यानं शाल घातली.

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या बाजारात ती जीभ पुन्हा सुटली. "आमच्या जयवंतानं साऱ्या जगाला सांगितलंय," तात्याबा भेटेल त्याला ऐकवत होता, "की तितं न्हाय म्हणून."

जयवंता शेजारीच उभी होती. या खेपेला त्यात एक शब्दही खोटा नव्हता.