आदर्श शवासन

त्या शनिवारी सकाळी सहाच्या ठोक्याला आबांनी नेहमीप्रमाणे रेडिओ लावला. नेहमीप्रमाणे म्हणजे शेजारच्या दोन बिऱ्हाडांना वेगळा रेडिओ घ्यायची गरज पडू नये, एवढा मोठा. तोफखान्यात बावीस वर्षं काढल्यामुळे त्यांचा उजवा कान कामातून गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता.

"हौसा! च्या निवला. उठतीस का बिगुल मागवू?"

"आबा, माझा तास अकराला आहे."

"आन् सूर्याचा कितीला हाय?"

सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. तिथे मी एच. एस. मॅडम आहे. हौसाबाई हे नाव फक्त आबा घेत, आणि ते रस्त्यापलीकडच्या लोकांनाही कळेल असं घेत. आई गेल्यावर साताऱ्याच्या घराला कुलूप लावून ते माझ्याकडे आले, त्याला दोन वर्षं झाली होती. ते व्हरांड्यात जोर काढत आणि हिंदीत मोजत. माझ्या चपलांना पॉलिश करत. एकदा मी कॉलेजातून येईपर्यंत त्यांनी माझी सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून ठेवली होती, आणि मला वाटतं, पहिल्या ओळीची पाहणीही केली होती. मी दार लावून वाचायला बसले की दार वाजे.

"वाचतीस व्हय? वाच, वाच. म्या काय बोलत न्हाई." मग उंबऱ्यावर उभं राहून अर्धा तास ते काय बोलणार नव्हते ते सांगत.

मी तेव्हा प्रबंध लिहीत होते. विषय होता शांतरस. चार वर्षांत मी दुसऱ्या प्रकरणाच्या तिसऱ्या पानापर्यंत पोचले होते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढे एक पत्रक ठेवलं. साताऱ्याबाहेर, कासच्या रस्त्याला, 'विश्रांती साधनाश्रम' नावाची संस्था होती. तिथे दहा दिवसांचं शिबिर. योगासनं, ध्यान, मिताहार आणि मौन. ते शहात्तर साल होतं. गप्प राहणं हा त्या वर्षी राष्ट्रीय कार्यक्रमच होता, पण त्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण फक्त या आश्रमात मिळत असावं.

"मला कशापायी?" आबांनी विचारलं.

"ब्लडप्रेशर आहे तुम्हाला. मनाला शांतता मिळेल."

"माजं मन शांतच हाय. कान गेल्यापासनं तर लईच." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू येनार हाईस?"

"मला कॉलेज आहे."

त्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. "बरं. हुकूम म्हंजी हुकूम." आणि ट्रंक काढायला गेले.

ब्लडप्रेशर त्यांना होतं, नाही असं नाही. ते थोडंच होतं आणि डॉक्टर त्याची चिंता करत नव्हते. मीही करत नव्हते.

रविवारी त्यांना एस.टी.त बसवून परत आले. घरात घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. आपल्याकडचं घड्याळ वाजतं, हे मी विसरूनच गेले होते. सोमवारी आठ पानं लिहिली. मंगळवारी दुपारी पंख्याखाली आडवी पडून नुसती छताकडे बघत राहिले. कुठल्याही आसनाविना, गुरूविना, श्वास न मोजता मन इतकं निवांत झालं की मला स्वतःचाच हेवा वाटला. बुधवारी रात्री एकतिसावं पान संपलं. जे मिळवायला लोक कासच्या रस्त्याला जात होते ते मला विश्रामबागेत घरपोच मिळालं होतं. फक्त एका माणसाला त्याच्या बदल्यात तिकडे पाठवावं लागलं होतं.

गुरुवारी पत्र आलं. आश्रमाचे गुरुजी, म्हणजे पूर्वाश्रमीचे कालव्यांवरचे ओव्हरसियर भाऊसो, यांच्या हातचं.

"आपले तीर्थरूप अद्याप साधनेत रुळलेले नाहीत. शिथिलीकरणाच्या वेळी उठून बसतात. मौनकाळात इतर साधकांना 'सावधान', 'विश्राम' असे हुकूम देतात. छाती जड वाटते अशी सबब सांगून घरी पाठवण्याचा आग्रह धरतात. साचलेला गाळ निघू लागला की प्रारंभी असे होते. तरी आपण येऊन त्यांना घेऊन जावे किंवा शिबिर पूर्ण करू द्यावे, याबाबत उलट टपाली कळवावे."

'सबब' हा शब्द मला पटला. आबांना सबबी सांगता येत नाहीत, हे मला एकोणचाळीस वर्षं माहीत होतं. तरी पटला. मी पत्र प्रबंधाच्या कागदांखाली सरकवलं आणि बत्तिसावं पान घेतलं.

शनिवारी दुपारी कॉलेजात तार आली. सयाजीराव शांतीत विलीन, त्वरित निघा.

साताऱ्याला पोचेपर्यंत अंधार पडला. गुरुजींनी मला जे सांगितलं ते साधारण असं: सकाळच्या वर्गात शेवटी शवासन झालं. सहा दिवस चुळबुळ करणारे, खोकणारे, मधेच उठून बसणारे सयाजीराव त्या दिवशी हलले नाहीत. गुरुजींनी हलक्या आवाजात सगळ्यांना डोळे उघडून बघायला सांगितलं. "पाहा, हे आदर्श शवासन. सगळे दरवाजे बंद, प्रवाह पूर्ण थांबलेला." पंधरा साधकांनी पाहिलं. मग सगळे न्याहारीला गेले, कारण खोल अवस्थेतल्या माणसाला हलवायचं नाही असा नियम होता. नऊला मौन सुटल्यावर कळलं.

"ताई, खरं सांगतो," गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "अशी स्थिती मला स्वतःलादेखील साधलेली नाही."

याबाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

पत्र मिळालं का, हे त्यांनी विचारलं नाही. मिळालं, हे मी सांगितलं नाही. आश्रमातलं मौन मला तेवढं एकच जमलं, आणि पहिल्याच दिवशी.

त्यानंतर सांगलीत मला शांत करण्याची मोहीम निघाली. प्राचार्यांनी अनुलोम-विलोम सुचवलं. शेजारच्या लीलाबाईंनी ओंकार सुचवला, आणि मी करते की नाही हे भिंतीला कान लावून तपासलं. कोणी भ्रामरी सांगितली, कोणी भुवयांच्या मधोमध निळा ठिपका बघायला सांगितला. एका सहकाऱ्यांनी तर, वडिलांना असं मरण आलं याबद्दल मी आनंदात असायला हवं, असं अर्धा तास समजावून दिलं. ते स्वतः साधी सर्दी झाली तरी तीन दिवस रजा घेत. इतिहासाच्या फरीदा मोमीन तेवढ्या डब्यात खिचडी घेऊन आल्या, "खा" म्हणाल्या आणि समोर बसून आपल्या वह्या तपासत राहिल्या.

प्रबंध तेहतिसाव्या पानावर थांबला. घड्याळ चालू होतं. ते मी काढून कपाटात ठेवलं.

पुढच्या वर्षी देशातलं मौन सुटलं आणि सगळे एकदम बोलायला लागले. डिसेंबरात आश्रमाचं आमंत्रण आलं. आबांच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. त्याचं नाव 'सयाजी शवासन कक्ष'. मी दोन शब्द बोलावेत अशी विनंती होती. सोबत छापील पुस्तिका. तिच्यात आबा पहिल्याच दिवसापासून ध्यानात तल्लीन झाले होते, त्यांनी सर्वांना अबोल राहून मार्ग दाखवला होता आणि सातव्या दिवशी स्वेच्छेने देह ठेवला होता. शेवटी एक वाक्य माझ्यावर होतं: "शांतरसाच्या व्यासंगी असलेल्या त्यांच्या कन्येने पित्याची अंतरीची ओढ ओळखून त्यांना येथे आणले."

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. साहित्याच्या अभ्यासात इतकं सोयीचं वाक्य फार कमी वेळा भेटतं. आबांनी स्वेच्छेने देह ठेवला असेल तर छाती जड झाली नव्हती. छाती जड झाली नव्हती तर पत्र आलं नव्हतं. दोन शब्द बोलायचे, शाल घ्यायची, आणि उरलेलं आयुष्य त्या वाक्यात राहायला जायचं. मी होकार कळवला.

समारंभाच्या दिवशी साताऱ्यातले बरेच निवृत्त फौजी पहिल्या रांगेत ताठ बसले होते. शिथिल कसं व्हायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं दिसलं नाही. माझी पाळी यायला वेळ होता म्हणून मी चहासाठी मागच्या स्वयंपाकघरात गेले. तिथे साळूबाई होत्या, आश्रमाचा स्वयंपाक करणाऱ्या.

"तुमी सुभेदारांच्या ल्येक न्हवं?" त्या म्हणाल्या. "नाक सारकंच हाय."

"हो."

"लय बोलकं म्हातारं. तकडं मौन सुरू झालं की हितं यून बसायचं, कांदं चिराय. म्हनायचं, साळूबाई, पलटन उपाशी ठिवू नगा, पालापाचोळा खाऊन कुनी लडाई जितत न्हाई." त्या हसल्या. मग चहाचं पातेलं खाली ठेवून पदराला हात पुसत राहिल्या. "ताई, येक इचारू? वरीस झालं, तुमी आला की इचारीन म्हंती."

"विचारा ना."

"त्या दिशी म्या सतरंज्या गोळा कराय गेले. म्हातारं निजल्यालं. पायाला हात लागला, तर गार. म्या भाईर पळाले, नाथाजी सायबांना सांगटलं, म्हाताऱ्याचं पाय गार हाईत."

नाथाजी निवृत्त मुख्याध्यापक होते आणि आश्रमात शिस्त बघत.

"मग?"

"त्यांचं मौन की. माज्याकडं रागानं बगितलं, पाटीवर कायबाय लिवलं, आन् फाटकाकडं बोट केलं."

"काय लिहिलं होतं?"

"मला कुटं वाचाय येतंय? मला वाटलं, डाक्टरला बलावलंय, तू फाटकावर हुबी ऱ्हा. ऱ्हायले की मग. दोन तास रस्त्याकडं बगत हुबी." त्यांचा आवाज खाली आला. "मागनं कुनीतरी वाचून सांगटलं. 'मौन पाळा, भाईर जा', येवडंच हुतं त्यात. माजं चुकलं का वो, ताई? म्या वरडाया पायजे हुतं. वरीस झालं, घास गिळत न्हाई नीट."

बाहेर गुरुजी ध्वनिक्षेपकावर बोलत होते. मन हे धरण आहे, असं काहीतरी.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. सुशिक्षित बाईनं समजुतीचं बोलावं आणि अडाणी बाईनं मान हलवावी, तशीच. विश्वास बसलेला नव्हता. तो बसावा असं मी काही सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात बाहेर माझं नाव पुकारलं गेलं.

"साळूबाई, माझ्याबरोबर चला."

"म्या? तितं? आवं, हात बगा की माजं, पिठाचं."

"असू द्या. चला."

त्या आल्या आणि दारातल्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. गुरुजींनी माझी ओळख करून देताना पुस्तिकेतलं ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांना ते पाठच होतं. टाळ्या झाल्या. आबांच्या फोटोला जाडजूड हार होता. फोटो पेन्शनच्या कागदांवरचा मोठा केलेला, आणि त्यात ते फोटोग्राफरवर ओरडायच्या बेतात होते.

"दोनच मिनिटं," गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले.

"तेवढीही लागणार नाहीत," मी म्हटलं, आणि ध्वनिक्षेपकासमोर गेले.

"माझे वडील सुभेदार सयाजीराव," मी सुरुवात केली, "इथे हृदय बंद पडून गेले. ते पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं त्या साळूबाई तिथे दारात उभ्या आहेत. त्यांनी लगेच सांगितलं. इथे लिहिता-वाचता येणारे इतके लोक होते, त्यांतल्या कोणी ते ऐकलं नाही. साळूबाई, ऐकता ना? तुम्ही केलंत ते बरोबर होतं."

पहिल्या रांगेतले फौजी मागे वळून दाराकडे बघू लागले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. पुढे काय येणार हे त्या सबंध सभागृहात त्यांना एकट्याला ठाऊक होतं. ते मला थांबवतील असं वाटलं. ते खाली बघत राहिले.

"आबांना शांतता नको होती. ती मला हवी होती, म्हणून मी त्यांना इथे पाठवलं. ते इथे होते तेवढे दिवस मी घरी फार सुखात होते. पाचव्या दिवशी मला आश्रमाचं पत्र आलं, की त्यांची छाती जड होतेय आणि त्यांना घरी यायचंय. मी पत्र वाचलं. मला कळलं. मी उत्तर दिलं नाही. शिबिराचे अजून पाच दिवस उरले होते, आणि ते मला हवे होते."