उजव्या बाजूचा पोचा

त्या वर्षी विहिरी आटल्या आणि सूर्यभानच्या हाताला कामच उरलं नाही. नगरला त्याचं ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. एरवी या दिवसांत दुकानापुढं बैलगाड्या लागलेल्या असायच्या, एकेकीत एकेक रुसलेलं इंजिन. बहात्तरचा पाऊस कोरडा गेला. उपसायला पाणीच नाही, तर इंजिन बिघडणार कशानं? सूर्यभान सकाळी दुकान उघडायचा, पाने पुसून परत जागेवर लावायचा आणि दुपारी घरी यायचा.

अशातच मुक्ताबाईंनी त्याला अंगणातला हातपंप बघायला बोलावलं. मुक्ताबाई म्हणजे रंगनाथ वकिलांच्या पत्नी. वकील दोन वर्षांपूर्वी वारले होते, मूलबाळ नव्हतं, घरात त्या एकट्याच. पंपात काही दोष नव्हता, खाली पाणीच नव्हतं. ते सांगायला सूर्यभान वळला, तेव्हा चिंचेखाली त्याला मोटार दिसली. छोटी मॉरिस, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. टायर मातीत रुतले होते, टपावर चिंचेचा पाला कुजून त्याखाली पत्र्याची चाळण झाली होती, आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

"बाई, ही अशीच पडून हाय?"

"वर्षानुवर्षं."

"मला द्याल? हाताला काम न्हाई. चालू करून बघतो."

मुक्ताबाईंनी चिंचेकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "न्या." आणि आत निघून गेल्या.

बैलगाडीला बांधून मॉरिस घरी आली. सूर्यभानच्या बायकोनं, पुष्पावतीनं, दारातून ती पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "लोकं रेशनचा मिलो खाऊन दिवस काढत्यात, आन् तुमी भंगार घरात आना." पण दोन दिवसांनी तीच पदर खोचून, पत्र्याचा तुकडा घेऊन दारावरचा गंज खरवडायला बसली. घरात बसून तिलाही दुसरं काय होतं?

काम भलतंच निघालं. पाय ठेवायच्या जागी तळच नव्हता, खालची माती दिसायची. पेट्या बनवणाऱ्या शमशेरकडून पत्रा आणून सूर्यभाननं नवा तळ बसवला. इंजिन तर दगड झालं होतं. त्यानं प्लग काढून चारी भोकांत तेल सोडलं, रोज थोडं थोडं, आणि रोज हॅन्डल लावून बघायचा. काही नाही. एका सकाळी हॅन्डल बोटभर हललं. सूर्यभान तसाच उकिडवा बसून राहिला. पुष्पावती चहा घेऊन आली तर त्याचे डोळे भरलेले. "हललं," एवढंच तो म्हणाला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पुढच्या उजव्या मडगार्डनं. त्याला मोठा पोचा होता आणि दिव्याची बैठक आत वाकलेली होती. पत्रा गंजून इतका पातळ झाला होता की जोरात ठोकलं तर फाटणार. आतून वाळूची पिशवी धरून, लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत सूर्यभाननं तो बाहेर काढला. वरून पुट्टीसारखी लांबी भरली, घासली, रेड ऑक्साईड मारलं. शेवटी डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवला, तेव्हा पोचा कुठं होता ते त्याचं त्यालाही सांगता येईना. त्या दिवशी त्याला दुष्काळाचा विसर पडला होता.

गाडी चालू झाल्याची बातमी पेठेत पसरली. एका संध्याकाळी मुक्ताबाई स्वतःच आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेला जॅक होता. "माळ्यावर सापडला. तुमच्या कामाचा असेल."

सूर्यभाननं त्यांना कौतुकानं गाडी दाखवायला घेतली. मुक्ताबाईंनी फारसं काही पाहिलं नाही. त्या सरळ उजव्या मडगार्डपाशी गेल्या, वाकल्या, आणि त्यांनी तिथं हात लावला.

"इथला पोचा?"

"काढला की. पार काढला. बघा, कळतंय का कुठं?"

मुक्ताबाई ओट्यावर बसल्या. पुष्पावती पाणी आणायला धावली. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून त्या बोलायला लागल्या.

"आम्ही शेवगावहून येत होतो. ह्यांचं तिथं कोर्टाचं काम होतं. तिसगावच्या अलीकडं पुढं एक बैलगाडी चालली होती. तिला वळसा घालायला हे बाजूला झाले, आणि बैलगाडीच्या पुढून एक मुलगी पळत आली. परकराच्या ओच्यात बोरं होती. सहा-सात वर्षांची असेल. ह्यांनी ब्रेक मारला, पण झालं ते झालं. आम्ही तिला उचललं, मी मांडीवर घेतलं आणि नगरच्या दवाखान्याकडं निघालो. वेशीपर्यंतही पोचली नाही."

सूर्यभान तिथंच खाली बसला.

"चौकशी झाली. गाडीवानानंही सांगितलं की चूक कुणाची नाही. बाप येऊन मुलीला घेऊन गेला. त्या दिवसापासून ह्यांनी गाडीला हात लावला नाही. विकलीही नाही आणि दुरुस्तही केली नाही. सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी चिंचेखाली जाऊन उभे राहायचे. नंतर मीही राहायला लागले."

"मग मला कशाला दिली, बाई?"

"तुम्ही मागितलीत. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तुमची काही चूक नाही. मोडकं दिसलं, तुम्ही नीट केलंत. पण त्या पोरीचं आमच्याकडं तेवढंच होतं."

त्या गेल्या. सूर्यभाननं त्यानंतर गाडीला हात लावला नाही. रंगाचा डबा आणून ठेवला होता, तो उघडलाही नाही. गाडीकडं बघितलं की त्याची नजर नेमकी त्या गुळगुळीत जागेवर जायची. एकदा तर त्याच्या मनात आलं, हातोडी घेऊन पुन्हा पोचा पाडावा. मग स्वतःचीच लाज वाटली. हातोडीनं पाडलेला पोचा तो कुणाचा?

चार-दोन दिवस पुष्पावतीनं हे बघितलं. मग जेवताना म्हणाली, "त्या पोरीची आई असंल का हो आजून?"

दुसऱ्या दिवशी सूर्यभान मुक्ताबाईंकडं गेला आणि तोच प्रश्न त्यांना विचारला.

"हे जाऊ म्हणायचे," मुक्ताबाई म्हणाल्या. "मीच नको म्हणायचे. काय तोंड घेऊन जायचं? नंतर त्यांनी म्हणणं सोडलं."

"आता जायचं आसंल तर मी येतो. एसटीनं जाऊ."

मुक्ताबाईंनी नकारार्थी मान हलवली. "जायचं तर त्याच गाडीनं. एसटीनं गेले तर मी कुणीतरी पाहुणी होईन."

बिनरंगाची, रेड ऑक्साईडची तांबडी मॉरिस घेऊन दोघं पहाटे निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं पांढरी पडली होती. तिसगावच्या अलीकडं बोरदरं नावाची वस्ती होती, तिथं त्यांनी चौकशी केली. पोर मोटारीखाली गेलेली बाई म्हटल्यावर म्हाताऱ्यांना लगेच आठवलं. "चांगुणा. दुष्काळी कामावर हाय ती, तळ्याच्या."

पाझर तलावाच्या भरावाखाली बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. मुकादमानं बोट दाखवलं. चांगुणा वाळकी, उंच बाई होती, केस पांढरे झालेले. मुक्ताबाई तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत मनाशी जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"तुमची मुलगी... आमच्या गाडीखाली आली होती. मी त्या गाडीत होते."

चांगुणानं हातोडा खाली ठेवला. डोळ्यांवर हात धरून ती मुक्ताबाईंकडं बघत राहिली. शेजारच्या बायकांचे हातोडे एकेक करून थांबले.

"बसा," ती म्हणाली.

मुक्ताबाई खडीवरच बसल्या. सूर्यभान मागं उभा होता. चांगुणा शिव्या देईल, दगड उचलेल, असं काहीबाही त्याच्या डोक्यात येत होतं.

"मी भावाकडं गेल्ते," चांगुणा म्हणाली. "आले तवर समदं उरकलं हुतं. मला कायच दावलं न्हाई. धनी म्हनला, मोटारखाली आली. फुडं इचारलं की आंगावर यायचा. त्यो बी गेला आता." मग जरा पुढं सरकून तिनं विचारलं, "तवाच गेली का वो? का जित्ती हुती?"

"होती. घाट चढून बरंच पुढं येईपर्यंत होती. मी मांडीवर घेतलं होतं."

"मांडीवर?"

"हो. पाणी मागितलं, ते दिलं. मग आई कुठाय म्हणाली. मी म्हटलं, येतेय. मग माझा पदर धरून पडून राहिली."

चांगुणानं तोंडावरून पदर फिरवला. "मला वाटायचं, रस्त्यात येकलीच पडली हुती. धूळ खात. रातचं तेच दिसायचं." ती पुन्हा म्हणाली, "मांडीवर हुती तर."

"मी तेव्हाच यायला हवं होतं."

"व्हय," चांगुणा म्हणाली. "यायला पायजे हुतं."

दोघी तशाच बसून राहिल्या. मग चांगुणा त्यांच्याजवळ सरकून खालच्या आवाजात काही सांगायला लागली, तेव्हा सूर्यभान तिथून बाजूला झाला.

परत निघताना चांगुणा गाडीपर्यंत आली. सूर्यभानला भीती वाटली. कुठल्या बाजूला लागलं असं तिनं विचारलं, तर काय सांगायचं? तिनं विचारलं नाही. लांबूनच ती गाडी बघत राहिली.

"हीच?"

"हीच," मुक्ताबाई म्हणाल्या.

"ल्हानीच हाय की," चांगुणा म्हणाली. "मला ट्रकावानी दिसायची." भरावावरून मुकादमाची हाक आली. ती वळली आणि आपल्या खडीकडं चालू लागली.

घाट चढताना मॉरिस तापली. सूर्यभाननं ती कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि वाफ जिरायची वाट बघत दोघं दगडावर बसली.

"बनू," मुक्ताबाई एकदम म्हणाल्या. "बनू नाव होतं तिचं. इतकी वर्षं आम्ही घरात 'ती मुलगी' म्हणायचो. नाव मी कधी विचारलंच नव्हतं."

सूर्यभान ऐकत होता.

"बोरं धाकट्या भावासाठी असणार. त्याला अजून दात आले नव्हते, तरी रोज नेऊन द्यायची म्हणे. आणि बैलांना भ्यायची नाही, पण कोंबडीला भ्यायची." मुक्ताबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग त्या सांगतच राहिल्या, चांगुणानं सांगितलेलं एकेक.

इंजिन केव्हाच निवलं होतं. सूर्यभान उठला नाही.