चिरविश्रांतीतली चूक

मुद्रितशोधकाच्या पत्नीला मरणाचा मनस्वी वीट आला होता. यजमानांनी निवृत्तीनंतर चिरविश्रांतीवर दीर्घकाव्य आरंभले होते, आणि हृदयाची झडप निकामी होत चालल्याचे कळल्यापासून त्या काव्याला भरतेच आले होते. उद्या शस्त्रक्रिया. आज रुग्णालयात दाखल व्हायचे. बॅग दाराशी, धाकटा दीर गाडी घेऊन आलेला, आणि स्वारी आरामखुर्चीत.

"निवांत निघून जावं म्हणतो," यजमान म्हणाले. "फाडाफाडी कशाला? मृत्यू म्हणजे मऊ अंथरूण."

"या घरात अंथरुणं कोण घालतं, ते ठाऊक आहे मला. उठा."

"वहिनी, पण उपमा काय झकास आहे," दीर म्हणाला.

"भावोजी, आगीत तेल नको. गाडीत बसा बघू तुम्ही."

भावोजी निमूटपणे बाहेर गेले. यजमानांनी कागद पुढे केला. "एवढं शेवटचं कडवं वाच. मग बघू."

छापखान्यात एकाने मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने कान देऊन चुका टिपायच्या, अशी रीत होती. तीच त्यांनी घरी आणली होती. तिच्या तोंडून ऐकल्यावाचून त्यांना स्वतःची ओळ पुरी झालीसे वाटत नसे. तिने कपाळावर हात मारला, चष्मा चढवला आणि किराणा मालाची यादी वाचावी तशा सुरात वाचू लागली.

"मिटतील सारी दारे, कोलाहल हा सरेल; विझेल दिवा नि घरी कोणी जागे ना..."

ती थांबली.

"काय झालं? वृत्त अडखळतं का?"

"वृत्ताला काय धाड भरलीय? मजकूर चुकलाय." तिने कागद त्यांच्या मांडीवर टाकला. "तुम्ही निजाल हो खुशाल. मी जागी असेन. त्या रात्री, दुसऱ्या रात्री, रोज. माझी सोय कुठल्या कडव्यात केलीत?"

जन्मभर परक्यांच्या चुका वेचणाऱ्या त्या गृहस्थांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांचा हात लेखणी शोधू लागला.

"लेखणी मिळायची नाही. दुरुस्ती परत आल्यावर."

"आणि आलोच नाही तर?"

"तर चुकीचंच राहील. बघा, चालत असेल तर."

ते पुटपुटत, कण्हत, खुर्चीचे हात धरून उठले.

"माझी डावी वहाण कुठंय?"

"पायात," ती वैतागून म्हणाली, आणि त्यांच्या काखेत हात घालून त्यांना दाराकडे नेऊ लागली.