मावशींची पट्टी वाकताना

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. नाही नाही, मोटारसायकलवाल्यांचं नाही! वेल्डिंग करताना ठिणग्यांपासून तोंड वाचवतं ना, ते मी. माझी काळी काच पुढे नसेल, तर त्या झगझगाटाने डोळ्यांची वाट लागेल. तेव्हा जरा मानाने बोला.

कारखान्यातून निघालो तो थेट एका वर्कशॉपच्या वस्तादांच्या, म्हणजे तिथल्या मुख्य कारागिराच्या, डोक्यावर बसलो. टाक्या, जिने, फाटकं, काय काय जोडलं आम्ही! लोक वस्तादांची पाठ थोपटत आणि मी ते कौतुक खुशाल माझंच समजत असे. मग वजनाने हलकी, चकचकीत नवी हेल्मेटं आली. माझी रवानगी चिंध्यांच्या खोक्यात झाली. फार लागलं हो मनाला.

तिथून मी बाहेर आलो ते मावशींमुळे. मावशी म्हणजे आमच्या वर्कशॉपमध्ये झाडलोट करणाऱ्या बाई. त्या वर्षी वर्कशॉपने शिकाऊ उमेदवार घ्यायचे ठरवले. काम करता करता शिकायचं, पगारही मिळणार. वर परीक्षा पास झालं, की तंत्रशिक्षणाच्या संध्याकाळच्या वर्गाला प्रवेश. वयाची अट होती आणि मावशींना हे शेवटचंच वर्ष होतं. त्यांनी नाव दिलं.

"अहो मावशी, हे काय शिकायचं वय आहे का?" वस्ताद म्हणाले.

"झाडू हातात देताना कुठे वय विचारलं होतंत, वस्ताद?"

वस्तादांनी नाक मुरडलं. नवी हेल्मेटं इतरांना वाटून संपली होती, म्हणून मला खोक्यातून उचलून मावशींच्या हातात कोंबलं. मावशींनी माझा तुटका पट्टा शिवला, काच पुसली. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

शिकणं सोपं नव्हतं. वितळून जोड भरणारा वेल्डिंगचा रॉड लोखंडाला चिकटे, हात भाजे, बाकीचे उमेदवार हसत. मावशी माझ्या आत पुटपुटत, "हळू गं बाई, हळू." वस्ताद ओरडत, पण शिकवताना हातचं राखत नसत. "लेक म्हणते, यंदा तुझ्या प्रगतिपुस्तकावर सही मी करणार," मावशी एकदा जेवताना म्हणाल्या आणि स्वतःच खूप हसल्या.

परीक्षेचा दिवस उजाडला. दोन लोखंडी पट्ट्या जोडायच्या, मग परीक्षक तो जोड यंत्रात घालून वाकवणार. तडा गेला, की नापास.

अर्धं काम छान झालं. आणि रॉड चिकटला! मावशींनी हिसका देऊन तो सोडवला आणि घाईघाईत तिथूनच पुढे जोडायला लागल्या. माझ्या काळजात धस्स झालं. अहो, जोडावर काळी खपली धरते, ती ठोकून काढल्याशिवाय पुढे जायचं नसतं! खपली आत गाडली गेली, म्हणजे जोड आतून कच्चा. वरून जोड गुळगुळीत दिसत होता, कुणाला काही कळलं नसतं.

मावशी थांबल्या. त्यांचा श्वास माझ्या काचेवर साचला.

"वेळ संपत आलीय," परीक्षक म्हणाले.

"जाऊ दे ना, दिसतंय तर चांगलं," मावशी पुटपुटल्या. मग लगेच म्हणाल्या, "छे, असं नाही चालायचं."

त्यांनी मला वर सरकवलं, चष्मा चढवला आणि ग्राइंडरने तो चांगला दिसणारा भाग खरवडून काढला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. वस्तादांनी कपाळाला हात लावला. मावशींनी मला पुन्हा खाली ओढलं आणि जोडायला घेतलं. शेवटचा टाका पडला आणि लगेच वेळ संपली. जोड ओबडधोबड झाला होता.

शेजारच्या उमेदवाराचा जोड आधी वाकवला. काय सुरेख होता! कट्‌कन आवाज आला, मधोमध तडा. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

मग मावशींची पट्टी यंत्रात गेली. मावशींनी मला छातीशी घट्ट धरलं होतं. पट्टी वाकू लागली, आणखी वाकली. वस्ताद पुढे झुकले.

परीक्षकांनी पट्टी बाहेर काढली आणि वाकलेल्या जागेवरून नख फिरवलं.

"दिसायला काही खास नाही," ते म्हणाले. "पण जोड पक्का आहे. पास."

मावशी रडू लागल्या. वस्ताद खाकरले. "उद्यापासून संध्याकाळी लवकर निघत जा, मावशी. वर्गाला उशीर नको. तुमचं उरलेलं काम मी बघेन."

मावशी आता वर्गाला जातात. मित्रांनो, कुणी शिकायला आलं, तर आधी त्याचं वय मोजू नका, कपडे बघून त्याची लायकी ठरवू नका. आणि आम्हा जुन्यांना खोक्यात फेकू नका. काच बदला, पट्टा शिवा. माझ्यात अजून कितीतरी डोकी मावतील.