गळलेली ओळ

"थांब उज्वला," सावळीराम म्हणाले, "आज कालचंच स्तोत्र परत वाच."

"परत? आज अठ्ठाविसावं आहे, पप्पा. रोज एक, क्रम मोडायचा नाही, असं तुम्हीच म्हणता."

"आज मोडू."

उज्वलानं पान मागे उलटलं आणि वाचायला लागली. तिचा आवाज आता या वाचनाला सरावला होता. सुरुवातीला ती शाळेत धडा वाचल्यासारखं वाचायची, स्वल्पविराम आला की दचकून थांबायची. आता शब्द कुठे टेकवायचे हे तिला कळत होतं. सावळीराम खिडकीपाशी खुर्चीत बसून ऐकत होते. जेलरोडवरून शाळेच्या रिक्षा जात होत्या. स्तोत्र अर्ध्यावर आलं आणि उज्वलानं हलकेच श्वास घेतला. पुढे वाचलं ते एक ओळ सोडून.

आईबापांनी टाकून दिलं तरी देव मला जवळ घेईल, अशा अर्थाची ती ओळ. काल गळली होती, आज पुन्हा गळली. दीडशे स्तोत्रांच्या मागच्या फेरीतही गळली होती, असं सावळीरामांना आता आठवलं. तेव्हा वाटलं होतं, घाईत नजर चुकली असेल.

"छान," ते म्हणाले. "चहा ठेव थोडा."

सावळीराम उजागरे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं बॉयलरच्या नियंत्रण कक्षात होते. समोर काट्यांची रांग, दर तासाला आकडे बघून तक्त्यात लिहायचे, काटा हलला की सांगायचं. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत काचबिंदूनं डोळे नेले. शेवटी शेवटी मोठ्या अक्षरांचं बायबलही दिसेनासं झालं, तेव्हा भागीबाई, त्यांची बायको, वाचून दाखवायला लागली. तीही वर्षभरातच गेली. दफन झालं, पाहुणे पांगले, आणि आठवड्यानं एका सकाळी सून समोर येऊन बसली. "पप्पा, आईंचं वाचन कुठपर्यंत आलं होतं?"

तिनं वाचायलाच हवं असं नव्हतं. उज्वला पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याची मुलगी. अमोलवर जीव जडला म्हणून या घरात आली. लग्नाची नोंदणी कोर्टात झाली आणि आशीर्वादाची प्रार्थना चर्चमध्ये. तिचा देव तिनं सोडावा असं इथे कुणी म्हटलं नाही. भागीबाईनंच स्वयंपाकघरातला एक कप्पा पुसून तिच्या देवासाठी रिकामा करून दिला होता. अमोल रेल्वेत, रोज सकाळी सहाच्या गाडीनं मनमाडला जायचा. सहा वर्षांची तेजल शाळेत गेली की घरात सासरा आणि सून, दोघंच. एकमेकांशी काय बोलावं हे दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. स्तोत्रांनी ती सोय केली.

"हा स्तोत्रं लिहिणारा दावीद भारीच रडका होता हो," एकदा ती म्हणाली होती.

"राजा होता तो."

"राजा असून रोज देवाकडे तक्रार? मला विसरलास का, झोपलास का, किती दिवस तोंड फिरवणार... देवाशी असं बोललेलं चालतं तुमच्यात?"

"चालतं म्हणून तर पुस्तकात ठेवलंय. तूही बोलून बघ कधी."

"आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवतात, जाब नाही विचारत," असं म्हणून ती हसली. पण त्यानंतर भांडणाची स्तोत्रं ती जास्त रंगून वाचायला लागली, हे सावळीरामांच्या लक्षात आलं होतं.

पंचाईत व्हायची ती शापांच्या स्तोत्रांशी. शत्रूची मुलं पोरकी होवोत, त्याचं घर ओस पडो, असलं काहीबाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, आपल्याला प्रभूनं शत्रूवर प्रेम करायला सांगितलंय, तेव्हा ती स्तोत्रं आपण सोडून द्यावीत. सावळीराम सोडत नसत. तरुणपणी तर ते मोठ्यानं म्हणायचे, आणि म्हणताना डोळ्यांसमोर एक माणूस ठेवायचे. कधी त्यांची बढती अडवणारा इंजिनियर, कधी जागेवरून कोर्टात गेलेला चुलतभाऊ. माणसं बदलत गेली. देव आपल्या बाजूला आणि शत्रू समोर, ही मांडणी मात्र चाळीस वर्षांत बदलली नव्हती.

त्या दुपारी ती बदलली.

गळलेल्या ओळीचा विचार करता करता त्यांना चर्चचं फाटक आठवलं. सात वर्षांपूर्वीची ती सकाळ. आत पाहुणे जमलेले, आवारातल्या खोलीत भागीबाई उज्वलाला तयार करत होती. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या टोपीतला एक माणूस उभा होता. सावळीरामांनी त्याला ओळखलं. तिचा बाप, पुंजा निरगुडे. लग्नाला ठाम नकार दिलेला. धर्म वेगळा होताच, आणि त्यामागचं जे कुणी तोंडानं बोलत नाही, तेही वेगळं होतं. हा आता इथे आरडाओरडा करणार, पोरीला ओढून नेणार, असं सावळीरामांना वाटलं. त्यांनी वॉचमनला बोलावून सांगितलं, फाटक लाव, त्या माणसाला आत सोडू नकोस. आणि आत जाऊन पाहुण्यांना सरबत द्यायला लागले. ही गोष्ट त्यांनी भागीबाईला सांगितली नाही, अमोलला नाही, प्रार्थनेत देवालाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं.

आणि आता खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, पुंजा निरगुड्याला जर ही स्तोत्रं माहीत असती, तर शत्रू म्हणताना त्यानं डोळ्यांसमोर कुणाला ठेवलं असतं?

दोन दिवसांनी त्यांनी सहादूला फोन केला. सहादू त्यांचा वीजकेंद्रातला जुना सोबती, त्याच्याकडे मारुती होती. उज्वलाला त्यांनी सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो.  ओझर मागे पडल्यावर सहादूनं विचारलं, "काय काम काढलं एवढं?"

"एका माणसाला काही सांगायचंय."

"फोनवर नाही का सांगता येत?"

"नाही."

निरगुड्यांचं घर मळ्यात होतं. द्राक्षांची तोडणी सुरू होती. क्रेट आपटल्याचा आवाज आणि बायकांची बोलणी ऐकू येत होती. सहादूनं त्यांना हात धरून ओट्यापर्यंत नेलं आणि तो गाडीपाशी जाऊन थांबला.

"कोन हाय?" समोरून आवाज आला.

"मी सावळीराम उजागरे. उज्वलाचा सासरा."

समोर खाट करकरली. मग आतून बांगड्या वाजल्या आणि बाईचा घाबरा आवाज आला, "पोरीला काय झालं का? तेजल बरी हाय ना?"

"सगळे बरे आहेत. कुसाबाई ना तुम्ही? काळजी करू नका."

"बरं हाय तर मग कशाला आले?" पुंजा म्हणाला. "डोळे गेले वाटतं तुमचे."

"गेले. पुंजाभाऊ, लग्नाच्या दिवशी तुम्ही फाटकापाशी आला होता. ते मी लावायला सांगितलं. तुम्ही भांडायला आलात, असं वाटलं मला."

पुंजा उठला. त्याची पावलं जवळ आली.

"तुम्ही सांगितलं?"

"मीच. उज्वलाला ठाऊकही नव्हतं. तुम्ही आला होता हेसुद्धा तिला आजपर्यंत माहीत नाही."

"वॉचमन म्हनला, आतून सांगितलंय, सोडायचं नाय." पुंजाचा आवाज फाटला. "मला वाटलं, तिनंच सांगितलं. पोरीनं बापाला दारातून घालवला, असं धरून चाललो मी सात वर्सं. भांडाया नव्हतो आलो, साहेब. आत पन येनार नव्हतो. नुसतं बघायचं व्हतं, नवरीच्या कपड्यात कशी दिसती ते. बघून माघारी जानार व्हतो."

कुसाबाई रडायला लागली. "मला पन नाय सांगितलं व्हय तुम्ही, तिकडं गेलते म्हनून?"

"काय सांगू? तोंड काळं करून आलो ते सांगू? तुला फोन करायची बंदी घातली, ती त्याच्याचपायी."

"मी करीत व्हते," कुसाबाई हुंदक्यातच म्हणाली. "तुम्ही मार्केटात गेले की."

"ठावं हाय मला."

सावळीराम उभेच होते. कुणीतरी त्यांच्यामागे खुर्ची सरकवली, ती पायाला लागली. ते बसले नाहीत.

"पुंजाभाऊ, माझं चुकलं."

"चुकलंच," पुंजा म्हणाला. "आता माफ कर म्हनाल. ते माझ्याच्यानं व्हनार नाय. सात वर्सं लय व्हत्यात. नात सहा वर्साची झाली, मी तिला फोटूत बघितली."

"माफी मागायला तोंड नाही मला. खरं काय ते तुमच्या कानावर घालायला आलो. उज्वलालाही आज सांगतो."

ते वळले. पायरी चाचपत असताना कुसाबाईनं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ते उभ्यानंच पाणी प्यायले.

"काय म्हणाले?" गाडीत सहादूनं विचारलं.

"पाणी दिलं," सावळीराम म्हणाले.

त्या दिवशी मात्र त्यांना धीर झाला नाही. दुसऱ्या सकाळी उज्वला पुस्तक घेऊन बसली, तेव्हा ते म्हणाले, "आज वाचू नकोस. मी बोलतो." आणि फाटकापासून पाण्याच्या तांब्यापर्यंत सगळं सांगितलं. मधे कुठे थांबले नाहीत, थांबलो तर पुढचं राहून जाईल अशी भीती होती.

"आले होते?" उज्वला म्हणाली. मग पुन्हा, अगदी हळू, "अप्पा आले होते?"

"हो."

"भागीआईंना माहीत होतं हे?"

"कुणालाच नाही."

"मी त्या दिवशी खिडकीतून दहा वेळा रस्त्याकडे बघितलं, पप्पा. फाटक तिथून दिसत नव्हतं. भागीआई म्हणत होत्या, पदर हलतोय, नीट बस. मी बघतच होते." तिचा आवाज ताठ झाला. "आणि तुम्ही रोज माझ्याकडून हे वाचून घेत होतात."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. 

उज्वला उठली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. दुपारी तेजल शाळेतून आली तेव्हा पिशवी भरून तयार होती. जाण्याआधी तिनं सासऱ्यांच्या गोळ्या सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन वाट्यांत काढून ठेवल्या. शेजारच्या अनसूयाकाकूंना दुपारच्या डब्याचं सांगितलं. सावळीरामांचा हात धरून तिन्ही वाट्यांवरून फिरवला, कुठली कुठली ते सांगितलं. हात धरण्यात राग नव्हता, मायाही नव्हती.

"रविवारी अमोल घ्यायला येईल," ती म्हणाली. "तोवर मी तिकडेच आहे."

"जा. सावकाश ये."

अमोलला त्यांनी रात्री जेवताना सगळं सांगितलं.  त्यानं वडिलांच्या ताटात भाजी वाढली आणि स्वतः अर्धी पोळी ठेवून उठला.

त्यानंतरच्या सकाळी सावळीराम एकटेच खिडकीपाशी बसले आणि पाठ असलेलं म्हणायला लागले. वाचणारं कुणी नसलं तरी अडणार नव्हतं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. शत्रू हा शब्द आला की डोळ्यांसमोर कुणीच उभं राहीना. एवढी वर्षं जी जागा दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती, तिथे ते स्वतःच जाऊन उभे होते, आणि पलीकडून एक पांढऱ्या टोपीतला म्हातारा देवाकडे दाद मागत होता. देव त्याचं ऐकत असणार. ऐकायलाच हवं, असं सावळीरामांना मनापासून वाटलं. त्यांनी स्तोत्र तिथेच सोडलं नाही. पुंजा निरगुड्याच्या वतीनं, स्वतःच्या विरुद्ध, शेवटपर्यंत म्हणून टाकलं. 

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. तेजल होती.

"आजोबा, मी द्राक्षं तोडली! कात्रीनं! अप्पाआजोबांनी शिकवलं."

"अरे वा. बोट नाही ना कापलं?"

"नाही. देठ धरायचा, मणी नाही धरायचे. मणी धरले तर त्यांच्यावरची पांढरी पावडर जाते. मी जाते आता, अप्पाआजोबा बोलवतायत."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. तिनं तो तसाच कुठेतरी टाकला असावा, क्रेटवर नाहीतर बांधावर. आधी वारा ऐकू आला. मग कुसाबाई कुणाला तरी उन्हात जाऊ नको म्हणून दटावत होती. पुंजाचा जाड आवाज आला, "आसं नाय बाय, वरून धर, वरून." तेजल काहीतरी बोलली आणि पाठोपाठ एक हसू ऐकू आलं, मोठं, मोकळं, मधेच ठसका लागलेलं. कुणाचं, हे सावळीरामांना पटकन कळेना. मग कळलं. उज्वला हसत होती. सात वर्षं एका घरात राहून त्यांनी तिचं हे हसू कधी ऐकलं नव्हतं.

अनसूयाकाकू चहा घेऊन आल्या. "कुणाचा फोन, भाऊ?"

सावळीरामांनी बोट ओठांवर ठेवलं. काकू कप टेबलावर ठेवून निघून गेल्या. ते मान एका बाजूला कलती करून, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसून राहिले. पलीकडे कात्र्यांचा कटकट आवाज चालू होता. मधूनच कुणी कुणाला हाक मारत होतं, त्यांना नव्हे.