शंभर टक्के हजेरी

"एखादी कोरी प्रत मिळेल का, बाई? घडी न पडलेली. हिला माझ्या हातची पुट्टी लागली बघा."

काउंटरपलीकडचा माणूस काचा बसवणारा होता. हे त्याने सांगायची गरजच नव्हती. बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला काचेचा तुकडा त्याने तान्ह्या लेकरासारखा सांभाळून धरला होता. दुसऱ्या हातात शिक्षण विभागाचं वर्षअखेरीचं वार्तापत्र होतं, त्याच दिवशी सकाळी बेचाळीस शाळांमध्ये वाटलेलं.

"कुठलं पान हवंय?" टाचणीबाईंनी विचारलं.

"सातवं. चौदा नंबरचं नाव. माझी लेक आहे ती!" तो काउंटरवर पुढे वाकला. "मी दुसऱ्याच शाळेत तावदानं बसवत होतो. तिथं शिक्षकांच्या खोलीत हे पडलेलं. सहज चाळलं तर हिचं नाव! शंभर टक्के हजेरी! आणि पठ्ठी घरी एका शब्दानं बोलली नाही. म्हटलं भिंतीवर लावायचं. काच तर मापाने कापूनच आणलीय."

बाईंना हसू आलं. वार्तापत्र त्या दरवर्षी एकहाती तयार करत. कुणाला विज्ञान प्रदर्शनात बक्षीस मिळालं, कुठल्या शाळेच्या मुली धावण्यात पहिल्या आल्या, कुणाचं चित्र निवडलं गेलं, हे सगळं त्या डोळ्यात तेल घालून तपासत. पण हजेरीच्या यादीसाठी कुणी कार्यालयाची पायरी चढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ती यादी म्हणजे ज्यांना दुसरं काही मिळालं नाही त्यांच्यासाठी होती, आणि म्हणूनच बाईंचा तिच्यावर जरा जास्त जीव होता.

"बसा. आतून आणते," त्या म्हणाल्या.

कार्यालयात त्यांना सगळे टाचणीबाईच म्हणत, अगदी तोंडावर. त्यांच्या कॉलरला कायम चार टाचण्या आणि एक पितळी सेफ्टी पिन खोचलेली असे. स्टेपलरवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. शाळेकडून आलेला प्रत्येक कागद त्या टाचणीने जोडत, तपासत, सोडवत, पुन्हा जोडत. वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर त्यांचाच फोटो होता. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. फोटोखाली छापलं होतं, 'बत्तीस वर्षांत एकही शुद्धिपत्र नाही.' आठवड्याने सत्कार होता.

कोरी प्रत काढता काढता त्यांनी सवयीने त्या शाळेची फाईल ओढली. पान सात, नाव चौदा. यादीचा दुसरा कागद उलटला. नाव होतं. नावापुढे हजर दिवसांचा आकडा होता, तेवीस. आणि कागदाच्या तळाशी मुख्याध्यापकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वरील नऊ जणांच्या पालकांना तीन पत्रे पाठवली. उत्तर नाही. नावे पटावरून कमी करावीत.'

बाईंनी त्याच शाळेची दुसरी यादी काढून शेजारी ठेवली.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. त्यांच्या टेबलामागच्या खिडकीचं तावदान तीन महिने फुटलेलं होतं. दर आठवड्याला त्या तक्रार देत आणि दर आठवड्याला साहेब "बघू" म्हणत. त्या दुपारी वारा घुसला आणि टाचण्या सोडवून ठेवलेले कागद खोलीभर उडाले. बाईंनी गुडघे टेकून ते गोळा केले होते. या शाळेच्या दोन याद्या होत्या, एक पूर्ण हजेरीची, एक दीर्घ गैरहजेरीची. सारखाच तक्ता, सारखीच नऊ-नऊ नावं दुसऱ्या पानावर, आणि मथळा फक्त पहिल्या पानावर. त्यांनी पानं अदलाबदल करून टाचली होती. टाचायच्या आधी नुसतं खाली पाहिलं असतं तरी पुरे होतं.

म्हणजे शाळेत न येणारी नऊ मुलं सातव्या पानावर मिरवत होती. आणि एकही दिवस न चुकवलेल्या नऊ मुलांच्या घरी कालच पत्रं गेली होती, बाईंच्याच सहीने, की तुमच्या पाल्याचं नाव कमी करण्यात येत आहे.

बत्तीस वर्षांत त्यांनी इतरांच्या चुका पकडल्या होत्या. मागच्याच वर्षी एका कारकुनाच्या चुकीवर लाल पेनने खूण केली होती आणि तो बिचारा सहा महिने निलंबित होऊन घरी बसला होता. तेव्हा त्यांना त्याचं फार काही वाटलं नव्हतं. आज त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

फाईल छातीशी धरून त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, मग दार बंद आहे ना ते पाहिलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. पण बाहेर एका मुलीचे वडील आलेत."

"तक्रार घेऊन?"

"नाही. खूश आहेत. प्रत मागतायत."

"मग द्या ना प्रत!" साहेब खुर्चीत मागे रेलले. "ती नऊ पत्रं चुकून गेली म्हणून फोन करून टाका. बाकी हजेरीची यादी कोण वाचतं? सत्कार तोंडावर आलाय तुमचा. आता मूग गिळून गप्प बसायचं, बाई. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

ते खरंच त्यांच्या भल्याचं सांगत होते आणि बाईंना त्याचीच जास्त भीती वाटली, कारण ऐकून त्यांना हायसं वाटलं होतं.

त्या बाहेर आल्या आणि कोरी प्रत काउंटरवर ठेवली. काचवाल्याने आधी पॅन्टला हात पुसले, मगच ती उचलली.

"सकाळची शाळा ना तिची?" बाईंनी उगाच विचारलं. प्रत घेऊन हा माणूस पटकन जावा असं एकीकडे वाटत होतं आणि जाऊ नये असंही.

"हो, नऊची. आठला घर सोडते. ऊन असो, ताप असो, खाडा नाही. तिची आई गेल्यापासून मीच डबा भरून देतो. मला वाटलं होतं पोर खचेल. पण नाही!" त्याचा आवाज जरा भरून आला. "शाळेतल्या बाईपण चांगल्या आहेत. मध्ये दप्तराचा बंद तुटला तर एका बाईंनी आपल्या कॉलरची पिन काढून लावून दिली म्हणे. अशी मोठी, पितळी. अजून तीच आहे."

बाईंचा हात आपोआप कॉलरकडे गेला.

थंडीतली गोष्ट. त्या रोज पावणेदहाला बसस्थानकावर बस बदलत. तिसऱ्या बाकड्यावर गणवेशातली एक मुलगी रोज बसलेली असे, मांडीवर वही. 'दुपारच्या सत्रातली असेल,' असं बाईंनी पहिल्या दिवशी मनाशी म्हटलं आणि विषय संपवला. एकदा तिच्या दप्तराचा बंद तुटलेला पाहून त्यांनी पिन लावून दिली होती. "नीट जा हं शाळेत," असंही म्हणाल्या होत्या. मुलगी नुसती बघत राहिली होती. त्यानंतरही बाईंनी तिला कितीतरी वेळा पाहिलं, रोजच्या रोज. शिक्षण विभागाचं ओळखपत्र गळ्यात घालून त्या तिच्यासमोरून गेल्या आणि काही विचारलं नाही.

आता भीती वेगळीच होती. तेवीस दिवस हजर. म्हणजे उरलेलं वर्षभर ही पोर रोज आठला घर सोडून दिवसभर कुठे असते?

"दादा," त्या म्हणाल्या, "ती प्रत खाली ठेवा."

"का हो?"

"यादी चुकली आहे. माझ्या हातून चुकली." त्या थांबल्या नाहीत. थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "तुमची मुलगी शाळेत जात नाही. वर्षभर नाही. ती पिन मी दिली होती. शाळेत नाही, बसस्थानकावर."

काचवाला आधी हसला. मग त्याने बाईंच्या कॉलरकडे पाहिलं. दुसरी पितळी पिन तिथे होती, तशीच मोठी.

"पत्रं आली असती ना मग," तो म्हणाला.

"तीन पाठवली होती."

"टपाल तीच घेते," तो अगदी हळू बोलला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना बाईंना दिसला.

साहेबांची परवानगी न घेता कार्यालय सोडायची बाईंची ती पहिलीच वेळ. साडेअकराला दोघं स्थानकात पोचले. तिसरं बाकडं रिकामं होतं.

बाईंनी चौकशीच्या खिडकीवर विचारलं. आतला माणूस नाण्याने कान खाजवत होता. "गणवेशवाली ना? अकराला पोलिसाची फेरी असते. त्याच्या आधी ती बसमध्ये चढते."

"कुठल्या बसमध्ये?" काचवाल्याने विचारलं.

"कुठल्याही. पास आहे तिच्याकडे. शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि परत येते. येते रोज," तो म्हणाला, आणि काचवाल्याचा चेहरा पाहून त्याने जोडलं, "अजूनपर्यंत तरी रोज आलीय."

मग त्यांनी जीव मुठीत धरून बसेस मोजायला सुरुवात केली. बस येई, दार उघडे, माणसं उतरत, काचवाला टाचा उंचावून बघे, दार मिटे. बारा वाजले. साडेबारा झाले. तो एकदाही बसला नाही आणि काचही त्याने खाली ठेवली नाही. गर्दी आली की तो ती छातीशी घेऊन पाठमोरा होई. त्याने बाईंना एकदा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याने फक्त एवढंच विचारलं, "शेवटचा थांबा कुठं असतो हो?" शेवटचे थांबे अकरा होते. त्या अकरा ठिकाणी तेरा वर्षांच्या मुलीला कोण कोण भेटू शकतं हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं आणि त्याच्या डोळ्यांसमोरही तेच आहे हे त्यांना समजत होतं.

पाऊण वाजता आलेल्या बसमधून दोन म्हाताऱ्या उतरल्या, एक पेटी घेतलेला सुतार उतरला, आणि मग पितळी पिन लावलेलं दप्तर दिसलं.

मुलीने बापाला पाहिलं आणि ती पायरीवरच गोठली. मागचा माणूस "चला, चला" म्हणत होता. काचवाल्याने आधी काच बाकड्यावर नीट टेकवून ठेवली, मग जाऊन तिचा हात धरला आणि तिला खाली उतरवून घेतलं. आता हात उगारणार, असं बाईंना वाटलं.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

मुलीने मान हलवली आणि तिथेच हमसून हमसून रडायला लागली.

हुंदक्यांतून जे बाहेर आलं ते एवढंच होतं. मोठ्याने वाचायला उभं केलं की तिची जीभ अडखळायची आणि वर्ग हसायचा. एक दिवस तिने शाळा चुकवली. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या बाईंनी वडिलांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी कशी मागायची म्हणून तोही दिवस बुडाला, मग तिसरा, आणि मग इतके दिवस झाले की परत जायचं कसं तेच तिला समजेना.

टाचणीबाईंना तिचं म्हणणं कुणीही समजावून सांगायची गरज नव्हती. एक चूक झाकायला पुढची चूक करायची, हे त्यांनीही सकाळी साहेबांच्या खोलीत जवळजवळ केलंच होतं.

मुलीने डोळे पुसून त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "तुमचं कार्ड मी वाचलं होतं," ती म्हणाली. "आधी भ... भीती वाटायची, तुम्ही विचाराल म्हणून. मग वाटायला लागलं, विचारलं तर बरं होईल."

बाईंनी तिच्या दप्तराची पिन उगाच उघडून पुन्हा नीट लावली.

शुद्धिपत्र त्यांनी त्याच दुपारी टाइप केलं. खरी नऊ नावं वर आणि खाली स्वतःचं, 'ही चूक माझी आहे' अशा शब्दांत. साहेब रागाने लाल झाले. सत्कार रद्द झाला, चौकशी बसली. त्या नऊ घरी बाई स्वतः जाऊन माफी मागून आल्या. दोन ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्यासाठी कुणी दोन शब्द बोललं नाही. काचवाला मात्र आदल्या दिवशी येऊन गेला. त्याने त्यांच्या टेबलामागच्या फुटक्या खिडकीचं माप घेतलं आणि तासाभरात तावदान बसवलं.

"शाळेत घेतायत परत," जाताना तो म्हणाला. "सुट्टीनंतर. जाईल म्हणते. बघू."

शाळांचं नवं वर्ष सुरू झालं त्या सकाळी बाईंना कुठेही जायचं नव्हतं. तरी त्यांनी नेहमीची बस धरली आणि पावणेदहाला स्थानकावर उतरल्या. तिसरं बाकडं रिकामं होतं. त्या तिथे बसल्या. मुलगी शाळेत असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या स्थानकावर असेल. अकराला पोलिसाने फेरी मारली. त्याने बाईंकडे पाहिलंही नाही.

बाईंनी पर्समधून लहान वही काढली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'बाकडे रिकामे.' मग त्यांनी खाली आणखी एक ओळ आखून ठेवली, उद्याच्या तारखेची.